मोटरसायकलच्या टाकीला आतून लेप: आधी धातू, मग डबा

भिवंडीजवळच्या मानकोली नाक्यावरून आत वळले की दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळपर्यंत गोदामांची रांग लागते. प्रत्येक गोदामाच्या फाटकाशी मोटरसायकली उभ्या असतात. हमाल, पॅकिंगवाले, सुपरवायझर, कुरियरची मुले, सिक्युरिटीवाले असे सगळे आठ-दहा तासांच्या पाळीसाठी गाडी लावून आत जातात. शेड असते ती मालाला आणि ट्रकला, मोटरसायकल उघड्यावर राहते. जून ते सप्टेंबर पाऊस तिच्यावर कोसळतो, उरलेले महिने खाडीवरून दमट वारा येतो. चेन गंजली की डोळ्यांना दिसते, मडगार्ड गंजले की हाताला लागते. टाकीच्या आत काय चालले आहे ते मात्र गाडी रस्त्यात बंद पडेपर्यंत कळत नाही.

मग ठरलेला क्रम सुरू होतो. गाडी मिसिंग करते. मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडतो, जेटमधला कचरा काढतो, गाडी आठ दिवस छान चालते आणि पुन्हा तेच. दोन-तीनदा असे झाले की कोणीतरी सुचवते, ‘टाकी आतून सील करून घे, कटकट मिटेल.’ हा सल्ला कधी बरोबर असतो, कधी साफ चुकीचा असतो. चुकीच्या टाकीला किंवा चुकीच्या पद्धतीने लेप दिला तर गंजापेक्षा मोठे दुखणे मागे लागते, कारण सुटलेला लेप पापुद्र्यांनी निघतो, कॉकची जाळी बंद करतो आणि खरवडून काढताना नाकी नऊ येतात.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरावी. लेपाची ताकद डब्यातल्या रसायनात जितकी असते, त्याहून जास्त त्याखालच्या पत्र्याच्या स्वच्छतेत असते. कल्हईवाला भांडे आधी घासून, तापवून, नवसागर फिरवून लख्ख करतो आणि मगच कथील लावतो. काळ्या भांड्यावर कथील धरत नाही. टाकीचेही तसेच आहे. या कामातला बहुतेक वेळ धुण्यात, गंज उतरवण्यात आणि वाळवण्यात जायला हवा. लेप ओतणे हा शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग आहे.

गंज येतो कुठून

टाकी पोलादी पत्र्याच्या दाबून काढलेल्या भागांची असते आणि ते भाग कडेने वेल्डिंगने जोडलेले असतात. खालून मध्ये खोबण असते, कारण टाकी फ्रेमच्या नळीवर खोगिरासारखी बसते. त्यामुळे टाकीला डावा आणि उजवा असे दोन खोलगट पाय होतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने टाकीत शिरलेला प्रत्येक थेंब या पायांत जाऊन बसतो. त्यातही गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलून उभी असते, म्हणून पाणी डाव्या पायाच्या कोपऱ्यात साचण्याची शक्यता जास्त. टाकी तपासताना टॉर्चचा प्रकाश आधी तिकडे टाकावा.

पाणी आत येण्याच्या वाटा तीन. पहिली झाकणाची. झाकणाचे रबरी पॅकिंग कडक झाले की पाऊस आणि सर्व्हिसिंगच्या वेळचा पाण्याचा फवारा आत झिरपतो. बऱ्याच टाक्यांत झाकणाभोवतीच्या वाटीत साचलेले पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोक असते. त्यापासून एक नळी टाकीच्या पोटातून खाली उतरते. ही नळी चिखलाने तुंबली की वाटीत तळे होते आणि झाकण उघडताक्षणी ते पाणी टाकीत पडते. दुसरी वाट हवेची. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या मोकळ्या भागात दमट हवा असते. रात्री पत्रा गार झाला की त्या हवेतली वाफ आतल्या छतावर थेंबांच्या रूपाने बसते. म्हणून गंज तळाशी असतो तसा छतालाही असतो. तिसरी वाट पेट्रोलची. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते.

या तिसऱ्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी २० टक्क्यांच्या ई-२० पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचे लक्ष्य पूर्ण झाल्याचे सरकारने जाहीर केले. थोडे पाणी इथेनॉलमध्ये विरघळून पेट्रोलबरोबर इंजिनात जाते आणि जळणाबरोबर निघून जाते. पण पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी उतरते. वर पेट्रोल आणि खाली पाणी-इथेनॉलचा थर अशी फोड होते. तो थर टाकीच्या पायांत पडून राहिला की पत्रा झपाट्याने खातो. गाडी महिना-दोन महिने जागेवर उभी असेल तर हा धोका वाढतो.

आधी निदान

कॉक बंद करून नळी काढा, मग कॉक उघडून पावशेरभर पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या. दहा मिनिटे बरणी हलवू नका. तळाशी लालसर पूड बसली तर गंज आहे. तळाशी वेगळ्या थराची रेषा दिसली तर पाणी आहे. बरणी ज्वाळेपासून, सिगारेटपासून आणि चालू इंजिनापासून लांब ठेवा.

मग टाकी पूर्ण रिकामी करून एलईडी टॉर्चच्या उजेडात आत पाहा. आत डोकावायला काडी किंवा लायटर पेटवणारे लोक अजूनही भेटतात. तसे कधीही करू नका. जे दिसेल त्यावरून पुढचा निर्णय घ्या.

पत्रा बहुतांशी चकचकीत आहे आणि मधूनमधून तांबूस डाग आहेत, तर लेपाची गरज नाही. गंज उतरवा, वाळवा, टाकी भरून ठेवा. बऱ्याच टाक्या याच गटात येतात आणि नाहक सील होतात.

खवल्यांसारखा गंज सगळीकडे आहे, पण भोक नाही, तर आधी गंज पूर्ण उतरवा. उघड्या पत्र्यावर खड्डे खोल दिसले तर लेप द्यावा.

तळाशी सुईसारखी भोके आहेत, तर आधी डाग देऊन ती बुजवावी लागतील, मग लेप. लेप हा भोकावरचा बूच नव्हे. सुईच्या टोकाएवढे छिद्र काही लेप झाकतात, पण त्याखालचा पत्रा गंजत राहतो आणि भोक मोठे होते.

पत्रा बोटाने दाबला तर दबतो, जोडावर लांब चीर आहे, तर टाकी बदला. रोजच्या वापरातल्या मोटरसायकलींच्या टाक्या सहज मिळतात. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात वापरलेल्याही मिळतात, मात्र विकत घेण्याआधी तीही अशीच आतून पाहावी. टाकीवर इंजिन किंवा चासीचा नंबर नसतो, त्यामुळे त्याच रंगाची टाकी बसवायला कागदपत्रांची अडचण येत नाही.

जुन्या गाड्यांचे गणित वेगळे आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि यामाहा आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. या गाड्यांच्या मूळ टाक्या आता दुर्मीळ आहेत. अशा टाकीसाठी चार दिवस खपून नीट लेप देणे सार्थकी लागते. जावा-येझदीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे, त्या तेलाच्या पापुद्र्याने आतला पत्रा जपला जाई. मात्र लेप देताना तोच पापुद्रा शत्रू ठरतो, म्हणून या टाक्या साबणाने जास्त वेळा धुवाव्या लागतात.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना सहसा फ्युएल इंजेक्शन असते. त्यांच्या टाकीत पेट्रोल पंप बसवलेला असतो आणि त्याच्या नळीत दाब असतो. लेपाचा एक थेंब पंपाच्या बैठकीत किंवा जाळीत गेला तर खर्च टाकीच्या किमतीपलीकडे जातो. अशा गाडीत गंज दिसला तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा. घरी किंवा नाक्यावर ती उघडू नका.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक

पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळली की ठिणगीवर स्फोट होतो. भरलेल्या टाकीत हवा कमी असते. रिकाम्या केलेल्या टाकीत मात्र वाफ आणि हवा नेमकी या प्रमाणात येऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत दूरच्या चुलीपर्यंत किंवा स्विचपर्यंत पोहोचते. म्हणून हे काम उघड्यावर करा. गोदामात, जिन्याखाली, बंद शटरच्या आत करू नका. आजूबाजूला पुठ्ठा, कापड किंवा केमिकलचे पिंप असेल तर एक ठिणगी किती महागात पडते हे भिवंडीच्या गोदामपट्ट्यात वेगळे सांगायला नको.

पेट्रोल काढताना नळी तोंडाने ओढू नका. घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते. चुकून गिळले तर उलटी काढायचा प्रयत्न न करता थेट दवाखान्यात न्या. पेट्रोल पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवू नका, घट्ट झाकणाचा धातूचा किंवा पेट्रोलसाठीचाच डबा वापरा. जवळ कोरड्या पावडरचे अग्निशामक किंवा किमान दोन घमेली वाळू ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारले तर जळते पेट्रोल पसरते. आग हाताबाहेर गेली तर १०१ किंवा ११२ वर फोन करा. हातात रबरी किंवा नायट्राइलचे मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

धुणे आणि गंज उतरवणे

टाकी गाडीवरून उतरवा. झाकण, कॉक आणि पेट्रोलचा काटा दाखवणारा फ्लोट काढून ठेवा. फ्लोटची आणि कॉकची भोके बोल्ट, रबराचे बूच किंवा पत्रा-पॅकिंग लावून बंद करा. बाहेरच्या रंगावर ग्रीसचा हात फिरवून प्लॅस्टिक गुंडाळा, कारण गंज उतरवणारी द्रावणे रंग फिका करतात आणि क्रोम खातात.

पहिली धुलाई भांड्याच्या लिक्विड साबणाने आणि गरम पाण्याने करा. पेट्रोलचा वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. वास गेल्याशिवाय कोणतेही विजेचे उपकरण टाकीजवळ आणू नका, हेअर ड्रायरही नको.

मग खवले सोडवा. टाकीत मूठभर लोखंडी नट टाका आणि थोडे साबणाचे पाणी घाला. तोंड बंद करून टाकी जुन्या गोधडीत गुंडाळा आणि सगळ्या बाजूंनी हलवा. टाकताना नट मोजा, काढतानाही मोजा. नट पितळी किंवा स्टेनलेसचे न घेता साध्या लोखंडाचे घ्यावेत, म्हणजे कोपऱ्यात अडकलेला एखादा नट चुंबकाने ओढता येतो. तारेला बांधलेला जुन्या चेनचा तुकडाही चालतो. खडी वापरू नका, तिचा चुरा जोडाच्या खाचांत बसतो.

उरलेला चिकट गंज रसायनाने उतरवायचा. सर्वांत सोपा उपाय पांढरा व्हिनेगर. त्याने टाकी तोंडापर्यंत भरावी लागते, कारण अर्धी भरली तर छताचा गंज तसाच राहतो. एक ते दोन दिवस लागतात. दुसरा उपाय सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारी लिंबूफुले. दर लिटर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम पूड पुरते. हीरो स्प्लेंडरची टाकी ९.८ लिटरची, म्हणजे अर्धा ते एक किलो पूड धरा. दर सहा-आठ तासांनी थोडे द्रावण बाहेर काढून पत्रा पाहा आणि राखाडी धातू दिसू लागला की थांबा. जास्त वेळ ठेवले तर ॲसिड चांगला पत्राही खाते. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून झाकण घट्ट लावू नका आणि जवळ ठिणगी नको.

फॉस्फोरिक ॲसिडवर आधारलेली गंजरोधक द्रावणेही मिळतात. ती गंज उतरवता उतरवता पत्र्यावर फॉस्फेटचा पातळ थर तयार करतात आणि त्या थरावर लेप चांगला धरतो. किती पातळ करायचे, नंतर धुवायचे की नाही, हे डब्यावर दिलेल्या पद्धतीप्रमाणेच करा. ॲसिड पातळ करताना नेहमी पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी नाही.

संडास साफ करायचे हायड्रोक्लोरिक ॲसिड मात्र वापरू नका. ते गंज मिनिटांत उतरवते म्हणून लोकांना आवडते, पण पातळ पत्रा आणि जोडही तितक्याच वेगाने खाते, आणि धुतल्यावर त्याचे अंश राहिले तर तासाभरात नवा गंज चढतो. ब्लीचिंगबरोबर ते मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

काही जण बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून विजेने गंज उतरवतात. पद्धत चांगली आहे, पण टाकीला चार्जरची ऋण तार आणि आतल्या लोखंडी सळईला धन तार जोडायची असते. सळई पत्र्याला टेकली तर शॉर्ट होतो. सळई स्टेनलेसची घेतली तर क्रोमियमचे विषारी क्षार तयार होतात. यातही हायड्रोजन निघतो. हे काम ज्याने आधी केले आहे त्याच्यासमोरच करावे.

वापरलेले द्रावण तसेच गटारात ओतू नका. नाक्यावरचे गटार शेवटी खाडीला मिळते. व्हिनेगर किंवा लिंबूफुलांच्या पाण्यात फेस येणे थांबेपर्यंत खाण्याचा सोडा घाला आणि मग ते भरपूर पाण्यात मिसळून टाका. पेट्रोल लागलेला गाळ आणि चिंध्या झाकणबंद डब्यात ठेवून गॅरेजच्या जुन्या ऑइलबरोबर द्या.

भोके शोधणे आणि डाग देणे

गंज उतरला की एक अप्रिय गोष्ट घडू शकते. आधी न गळणारी टाकी आता गळू लागते. गंजाच्या पुडीनेच छिद्रे बुजलेली असतात आणि ती पूड धुतली गेली की ती उघडी पडतात. हे अपेक्षित आहे. लेपाखाली लपण्यापेक्षा भोक आत्ता दिसलेले बरे. टाकी पाण्याने भरा, बाहेरून कोरडी करा आणि तळाच्या जोडावर कोरडी खडूची पूड चोळा. जिथे पूड ओली होऊन गडद ठिपका येईल तिथे भोक आहे. त्याभोवती खूण करून ठेवा. हवेचा दाब देऊन तपासू नका, टाकी फुगून वाकडी होते.

भोक पितळी डाग देऊन बुजवावे. हे काम टाक्यांचा अनुभव असलेल्या वेल्डरकडूनच करून घ्या आणि टाकी साबणाने धुतलेली आहे हे त्याला स्पष्ट सांगा. अनुभवी कारागीर टाकी पाण्याने जवळजवळ पूर्ण भरून, भोकाचा भाग वर ठेवून, तेवढीच जागा मोकळी सोडून डाग देतात, म्हणजे वाफेला जागाच उरत नाही. एम-सील हा रस्त्यात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरता उपाय आहे. त्यावर महिनोन्‌महिने गाडी चालवू नका.

डाग दिल्यावर टाकी पुन्हा साबणाने धुवा, पुन्हा हलके ॲसिड फिरवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी साध्या पाण्याने धुवा. टाकी रंगवून भट्टीत भाजायची असेल तर ते काम लेपाआधी करून घ्या, कारण भट्टीच्या उष्णतेने आतला लेप जळतो. साधा स्प्रेचा रंग मात्र लेपानंतर द्यावा, म्हणजे ओघळ पडला तरी नुकसान नाही.

वाळवणे: इथेच बहुतेक टाक्या बिघडतात

धुतलेला उघडा पोलादी पत्रा कोकणपट्टीच्या हवेत मिनिटांत तांबूस होतो. म्हणून पाणी ओतून टाकताच वाळवायला लागा. टाकी उलटी करून निथळू द्या. मग आत कॉम्प्रेसरची हवा सोडा, कॉकच्या भोकातून आणि झाकणाच्या तोंडातून आळीपाळीने. पाणी निचरण्याच्या नळीतही हवा मारा, तिथे अडकलेला एक थेंब लेप उचकटवू शकतो. पेट्रोलचा लवलेश नाही याची खात्री असेल तर हेअर ड्रायर किंवा हॅलोजन दिव्याची ऊब द्या. टाकी बाहेरून कोमट लागेपर्यंत वाळवा, मग थंड होऊ द्या आणि टॉर्चने पाहा. खाचांत ओल दिसली तर पुन्हा वाळवा.

याच टप्प्यावर दोन वाटा फुटतात. लेप द्यायचा नसेल तर वाळलेल्या टाकीत थोडे पेट्रोल आणि त्यात दोन-तीन चमचे टू-टी ऑइल घालून सगळीकडे फिरवा आणि लगेच टाकी पेट्रोलने भरा. लेप द्यायचा असेल तर तेलाचा थेंबही आत जाऊ देऊ नका. तेलकट पत्र्यावर लेप धरत नाही.

हंगाम निवडणे हाही वाळवण्याचाच भाग आहे. मानकोलीसारख्या खाडीकाठच्या गावात जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओलीने भरलेली असते. दमट हवेत युरेथेनच्या लेपाला बुडबुडे येतात आणि इपॉक्सीच्या पृष्ठभागावर चिकट पांढरा थर येतो. दसऱ्यानंतर मे संपेपर्यंतचा काळ या कामाला योग्य, त्यातही डिसेंबर-जानेवारी उत्तम. पावसाळ्यात टाकी गळू लागली तर तात्पुरती सोय करा आणि लेप दसऱ्यानंतर द्या.

लेप कोणता आणि कसा

डबा घेताना पहिला प्रश्न एकच विचारा, हा लेप इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकतो का? डब्यावर तसे लिहिलेले नसेल तर घेऊ नका. जुन्या धर्तीचे काही लेप अल्कोहोलने मऊ होऊन डिंकासारखे होतात. फायबर ग्लासच्या कामाचे पॉलिस्टर रेझिन किंवा साधी चिकटवण्याची इपॉक्सी आत ओतू नका. टाकीसाठी बनवलेले लेप प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. एक हवेतल्या ओलीने घट्ट होणारा युरेथेन, दुसरा दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी. नोव्हालॅक जातीचा इपॉक्सी अल्कोहोलला जास्त टिकतो. दोन भागांच्या इपॉक्सीचे प्रमाण वजनाने मोजा, अंदाजाने नको. मिसळल्यावर घट्ट व्हायला लागण्याआधी हातात किती मिनिटे आहेत तेही डब्यावर वाचून ठेवा. उन्हाळ्यात हा वेळ कमी होतो.

दहा ते पंधरा लिटरच्या टाकीला साधारण २०० ते २५० मिली लेप पुरतो. ओतण्याआधी कॉक, फ्लोट आणि झाकणाच्या आट्यांना पेट्रोलियम जेली किंवा ग्रीसचा पातळ हात लावा, पण तो टाकीच्या आत जाऊ देऊ नका. पाणी निचरण्याच्या नळीची दोन्ही टोके टेपने बंद करा. लेप ओतून तोंड बंद करा आणि टाकी सावकाश, सर्व बाजूंनी फिरवा. उजवी कड, डावी कड, मागचा भाग, छत, तळ, असे क्रमाने, प्रत्येक बाजूला अर्धा-एक मिनिट. दहा-पंधरा मिनिटांत सगळा पत्रा झाकला जातो. टॉर्चने पाहा, कुठे कोरडे उरले असेल तर तिकडे पुन्हा वळवा.

यापुढची पायरी विसरली जाते आणि तीच महत्त्वाची आहे. उरलेला लेप पूर्णपणे बाहेर काढा. कॉकच्या भोकातून टाकी उलटसुलट करून निथळवा. तळाशी डबके राहिले तर ते वरून सुकते, आत मऊ राहते आणि काही महिन्यांनी तडकते. नळीचा टेप काढून तीत हवा मारा, कॉकच्या बैठकीवर लेप साचला असेल तर तो लगेच पुसा. रंगावर ओघळ पडला असेल तर डब्यावर सांगितलेल्या थिनरने ताबडतोब पुसा, सुकल्यावर तो निघत नाही. पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी टाकीची बाजू बदलत राहा.

युरेथेनच्या वाफा श्वासनळीला त्रास देतात. उघड्यावर काम करा आणि केमिकलच्या वाफेसाठीचा मास्क लावा, कापडी मास्कने भागत नाही. दम्याचा त्रास असलेल्याने हे काम करू नये.

सुकायला तीन ते सात दिवस द्या. झाकणाचे तोंड आणि कॉकचे भोक उघडे ठेवा, म्हणजे आतली वाफ बाहेर जाते. हाताला कोरडा लागला म्हणजे आतपर्यंत कडक झाला असे नाही. ‘उद्या कामावर जायचंय’ म्हणून दुसऱ्याच दिवशी पेट्रोल भरले की सगळी मेहनत वाया जाते. कामाच्या दिवसांत गाडी लागतेच हे खरे आहे, म्हणून हा आठवडा सुट्टीचा, गावी जायचा किंवा मित्राची गाडी मिळेल तेव्हाचा निवडा.

सुकल्यावर कॉकची जाळी आणि पॅकिंग नवे लावा. कार्ब्युरेटरच्या गाडीला नळीत बारीक पेट्रोल फिल्टर बसवा. पहिल्यांदा थोडेच पेट्रोल घालून फिरवा, काढून टाका, मग टाकी भरा. पहिल्या आठवड्यात फिल्टर रोज पाहा. पापुद्रा दिसला तर गाडी चालवू नका.

गंज पुन्हा येऊ नये म्हणून

पावसाळ्याआधी झाकणाचे पॅकिंग बदला, झाकणाच्या वाटीतले भोक बारीक तारेने मोकळे करा. गाडी धुताना पाण्याचा फवारा झाकणावर थेट मारू देऊ नका. गोदामाबाहेर गाडी लावताना झाकणावर प्लॅस्टिकचा तुकडा बांधा किंवा गाडीचे कव्हर घ्या. टाकी अर्धी ठेवण्याऐवजी भरलेली ठेवा. गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर एकतर पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी करून वाळवा आणि आत टू-टी ऑइलचा हात फिरवा. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर किक मारू नका, आधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. पावसाळा संपल्यावर बरणीची चाचणी पुन्हा करा, दहा मिनिटांचे काम आहे.

मेकॅनिककडून करून घेत असाल तर

बहुतेक वाचक हे काम स्वतः न करता नाक्यावरच्या मेकॅनिककडेच देणार आहेत. त्यात काही गैर नाही, चांगल्या कारागिराचा हात पुस्तकी माहितीपेक्षा वरचढ असतो. पण पैसे ठरवताना त्याच्याशी तीन गोष्टी बोला. कोणता लेप वापरणार, तो डबा दाखवा. गंज कशाने काढणार ते सांगा. आणि लेप ओतण्याआधी धुतलेली, वाळलेली टाकी मला आतून पाहायची आहे. तिसरी अट ऐकून त्याने ‘कशाला, मी करतो ना’ म्हटले तर शांतपणे पण ठाम राहा. चांगल्या कारागिराला ही अट आवडते, कारण त्याची खरी मेहनत लेपाखाली झाकली जाण्याआधी ती पाहणारे गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटते. टॉर्च घेऊन जा, डाव्या पायाचा कोपरा पाहा. तो राखाडी आणि कोरडा असेल, तर लेप ओतायला हो म्हणा. तांबूस किंवा ओला दिसला, तर आणखी एक दिवस द्या, आणि त्या दिवसाचे जादा पैसे मागितले तर खळखळ न करता द्या. टाकी वर्षानुवर्षे टिकते ती त्या जास्तीच्या दिवसामुळे.